२५ मार्च ते २५ डिसेंबर : गर्भातल्या जिवासाठी प्रार्थना करताना

गर्भपाताबद्दल चर्च काय म्हणतं हे बहुतेक कॅथलिकांना ठाऊक असतं. गर्भ राहिल्या क्षणापासून तो जीव देवाचा, त्याच्यावर घाला घालायचा हक्क कुणालाच नाही. अगदी आरंभीच्या ख्रिस्ती काळातल्या ‘दिदाखे’ या ग्रंथापासून पोप दुसरे जॉन पॉल यांनी २५ मार्च १९९५ रोजी काढलेल्या ‘एवांजेलियुम विते’ या पत्रापर्यंत हे म्हणणं बदललेलं नाही. माझीही तीच श्रद्धा आहे. पण ‘आम्ही यासाठी प्रार्थना करतो’ असं म्हणणारे आपण नेमकं काय करतो? रोजरीच्या, म्हणजे मरियेच्या जपमाळेच्या, शेवटी एक वाक्य जोडतो आणि मोकळे होतो. त्या एका वाक्यातही पुष्कळदा प्रार्थना कमी आणि निवाडा जास्त असतो.

नीट करायची असेल तर एक जुनी, साधी रीत आहे : आध्यात्मिक दत्तक. ज्याच्या जिवाला धोका आहे असं एक न जन्मलेलं बाळ, जे आपल्याला कधीच दिसणार नाही, त्याच्यासाठी नऊ महिने रोज प्रार्थना करायची. आर्चबिशप फुल्टन शीन यांच्या नावाने ओळखली जाणारी दोन-तीन वाक्यांची प्रार्थना यासाठी वापरतात. सुरुवात कधीही करता येते, पण २५ मार्च उत्तम. त्या दिवशी गाब्रिएल दूताने मरियेला येशूच्या जन्माचा निरोप दिला त्याचा सण, आणि तिथून नाताळपर्यंत बरोबर नऊ महिने, २७५ दिवस. हा सण ईस्टरआधीच्या पवित्र सप्ताहात किंवा ईस्टरच्या आठवड्यात आला तर पुढे ढकलतात (२०२४ मध्ये तो ८ एप्रिलला झाला). तरी आपण २५ लाच सुरू करावं. खासगी प्रार्थनेला कॅलेंडरची आडकाठी नसते.

हे मोडतं साधारण तिसऱ्या महिन्यात. कारण आपल्याला नोव्हेनाची, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनेची, सवय. नऊ दिवसांचा उत्साह घेऊन माणूस नऊ महिन्यांच्या वाटेला लागतो, पहिल्या दिवशी अख्खी रोजरी, तीन स्तोत्रं आणि वर एक लितानी ठरवतो आणि पावसाळ्याच्या आत गळतो. रोज दोन मिनिटं पुरेत : ती छोटी प्रार्थना आणि तीन ‘नमो मरिया’. आधीच्या एखाद्या सवयीला बांधून ठेवा, जेवणाआधीच्या किंवा झोपण्याआधीच्या. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट म्हणू नका. हे कर्ज नाही, हप्ता थकत नाही.

आता खरी अडचण. बाळ दत्तक घेतलं, पण त्याच्या आईचं काय? त्या बाळापर्यंत पोहोचायला तिच्यावाचून दुसरा रस्ता नाही. म्हणून निम्मी प्रार्थना तिची असली पाहिजे, आणि तीही मोघम नको. ‘तिला सद्बुद्धी दे’ ही प्रार्थना नव्हे, तो टोमणा आहे. तिचं घरभाडं, तिची नोकरी, तिला सोडून गेलेला किंवा तिच्यावर जोर करणारा पुरुष, घरच्यांची भीती, डॉक्टरकडे एकटीने जाणं, एकेक नाव घेऊन मागा. रोज असं मागणाऱ्याला काही महिन्यांनी आपल्याच धर्मग्रामातली एखादी घाबरलेली मुलगी दिसायला लागते. प्रार्थनेचं उत्तर बऱ्याचदा मागणाऱ्याच्याच अंगावर येऊन पडतं.

मिस्सेतल्या (चर्चमधल्या मुख्य उपासनेतल्या) श्रद्धावंतांच्या प्रार्थनांबद्दल जरा लांबण लावतो, कारण सगळ्यात जास्त इजा तिथे होते. ‘स्वतःच्या बाळाचा खून करणाऱ्या स्त्रियांना पश्चात्ताप होवो’ असं वाक्य वाचलं जातं तेव्हा बाकावर तसा अनुभव असलेली एखादी बाई बसलेली असू शकते. ती त्या दिवशी ख्रिस्तप्रसाद घ्यायला उठत नाही, आणि हळूहळू यायचीच बंद होते. मिस्सेच्या नियमांतच सांगितलंय की ही मागणी संयमी आणि थोडक्या शब्दांत असावी. त्यापेक्षा असं लिहा : ‘न जन्मलेल्या प्रत्येक बाळासाठी, अडचणीत सापडलेल्या त्यांच्या आईवडिलांसाठी आणि ज्यांच्या मनात झालेल्या गर्भपाताची जखम आहे त्या सर्वांसाठी.’ वडील हा शब्द गाळू नका. तो नेहमीच गळतो.

त्या बाईला काय माहीत असायला हवं? चर्चच्या कायद्यात (२०२१ पासून कलम १३९७) गर्भपाताला आपोआप लागू होणारा बहिष्कार आहे, म्हणजे साक्रामेंतांपासून दूर ठेवण्याची शिक्षा. तो तिच्या एकटीवर नाही, ज्यांच्याशिवाय ते घडलंच नसतं अशा साथीदारांवरही आहे. मात्र सोळा वर्षं पूर्ण नसतील, भयंकर भीतीपोटी घडलं असेल, किंवा अशी शिक्षा असते हेच माहीत नसेल, तर तो आपोआप लागत नाही. आणि पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये कायमची मुभा दिली आहे : या पापाची क्षमा कोणताही धर्मगुरू पापनिवेदनात देऊ शकतो. बिशपांकडे जावं लागत नाही, ओळखीच्या चर्चमध्येच जावं असंही नाही. एका वाक्यात सांगितलं तरी पुरतं, वैद्यकीय तपशील लागत नाहीत, आणि फादर ते कुणालाही सांगू शकत नाहीत. आपोआप गर्भ पडला असेल तर ते पापच नाही. अपराधी वाटून तेही कबूल करायला जाणाऱ्या बायका असतात, त्यांना कुणीतरी हे स्पष्ट सांगायला हवं.

संत जियान्ना बेरेत्ता मोल्ला यांची मध्यस्थी जरूर मागा. त्या स्वतः बालरोगतज्ज्ञ होत्या. गरोदरपणात गर्भाशयात गाठ निघाली तेव्हा त्यांनी बाळ वाचेल असाच उपचार निवडला. २१ एप्रिल १९६२ ला मुलगी झाली आणि सातव्या दिवशी त्या गेल्या. २००४ मध्ये त्यांना संतपद मिळालं. पण त्यांचं उदाहरण आजारी गरोदर बाईच्या तोंडावर फेकू नका. कॅन्सर झालेलं गर्भाशय काढणं, ज्यात बाळाचा मृत्यू हेतू नसतो, ते चर्चच्या शिकवणीत गर्भपातात मोडत नाही. जियान्नांनी केलं ते कर्तव्याच्या पलीकडचं होतं.

उपवास करायचा तर शुक्रवारी : एक पूर्ण जेवण, दोनदा थोडंसं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आयांनी करू नये. वाचलेले पैसे पाकिटात न ठेवता बाळंतपणाचा खर्च न झेपणाऱ्या घरात गेले पाहिजेत, नाहीतर तो उपवास नव्हे, डाएट. दवाखान्यासमोर उभं राहून प्रार्थना करणाऱ्यांना मी मना करत नाही, पण रक्ताळलेले फोटो आणि कर्णे तिथे नकोत. मला विचाराल तर तो तास चर्चमध्ये पवित्र साक्रामेंतासमोर (ख्रिस्तप्रसादासमोर) घालवा.

आणि सोमवारी, शनिवारी रोजरीतली आनंदाची रहस्यं म्हणताना दुसऱ्यावर, मरिया एलिझाबेथला भेटायला जाते त्यावर, थांबा. मरियेला दिवस राहून फार काळ लोटलेला नाही, पोट दिसतही नाही, तरी एलिझाबेथ तिला ‘माझ्या प्रभूची आई’ म्हणते, आणि एलिझाबेथच्या पोटातलं सहा महिन्यांचं बाळ उसळी मारतं. हे आपण सगळे सांगतो. लूकच्या शुभवर्तमानातल्या त्याच पहिल्या अध्यायातली ५६ वी ओवी मात्र कुणी वाचत नाही : मरिया तिच्याकडे सुमारे तीन महिने राहिली.