‘गांजा खुला झाला, आता मेडिकल कार्ड कशाला?’ : एका रुग्णाचा प्रतिवाद

अमेरिकेतल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: बऱ्याच राज्यांत गांजा आता सगळ्यांना खुला झालाय, त्यामुळे मेडिकल कार्ड (डॉक्टरच्या सहीवर राज्य रुग्णाला देतं ते) काढणं म्हणजे डॉक्टरच्या घशात फुकटचे पैसे घालणं. कुठल्याही दुकानात जा, माल तोच. दुकानातली मुलं शिकलेली असतात, कुठल्या दुखण्यावर काय घ्यायचं ते तीच सांगतात. मधुमेहापासून टकलापर्यंत सगळ्यावर इलाज. वनस्पतीच ती, शंकराचा प्रसाद, अपाय काय होणार? कायदेशीर असल्यामुळे व्हिसाची भीती नको. आणि जाताना दोन-चार डब्या गमी (गांजाचा अर्क घातलेल्या चघळायच्या गोळ्या) आईबाबांच्या गुडघ्यांसाठी भारतात खुशाल न्या.

मला मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) हा मज्जासंस्थेचा आजार आहे, त्यात स्नायू ताठतात; मी शिकागोच्या एका उपनगरात राहते आणि माझ्याकडे इलिनॉयचं कार्ड आहे. त्यामुळे हा मेसेज मला वेगवेगळ्या लोकांकडून, ‘तुझं काय मत?’ असं विचारत येतो. प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहिण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते.

माल तोच असतो, हे बरोबर आहे. इलिनॉयमध्ये औषधी गांजाचा कायदा २०१३ साली झाला, २०१५ च्या अखेरीस रुग्णांना विक्री सुरू झाली आणि १ जानेवारी २०२० पासून एकवीस वर्षांवरच्या कुणालाही दुकानातून घेता येऊ लागलं. पिकवणारे तेच, चाचणी करणाऱ्या प्रयोगशाळा त्याच. रुग्णांसाठी मागच्या खोलीत काही खास जिन्नस ठेवलेला असतो, अशी समजूत असेल तर ती सोडून द्या.

पण माल तोच म्हणून व्यवहारही तोच, हे चूक. सगळ्यात आधी बिल बघा. बिनाकार्डाच्या गिऱ्हाइकाला इलिनॉयमध्ये गांजाचा वेगळा कर पडतो: फुलाला १० टक्के, गमी-चॉकलेटसारख्या खाण्याच्या पदार्थांना २० टक्के, आणि ३५ टक्क्यांहून जास्त टीएचसी (गांजातलं नशा आणणारं द्रव्य) असलेल्या मालाला २५ टक्के. त्यावर नेहमीचा विक्रीकर, त्यावर काउंटीचा आणि गावाचा वाटा. शिकागो शहरात १०० डॉलरच्या गमीचं बिल १३६ डॉलरच्या आसपास जातं. कार्डवाल्याला औषधाचा दर लागतो, राज्याचा १ टक्का आणि थोडं स्थानिक. म्हणजे तीच गमी दोन-तीन डॉलर जास्त देऊन घरी येते. माझ्यासारखं ज्यांना हे रोज लागतं आणि ज्यांचा इन्शुरन्स यातला एक छदामही देत नाही, त्यांच्यासाठी हा फरक किराणा सामानाएवढा आहे.

यात एक मेख आहे, ती मेसेजवाल्यालाही माहीत नसावी आणि नव्या कार्डवाल्यांनाही नसते. कार्ड काढलं की ते सगळीकडे चालतं, असं नाही. ज्या दुकानांना औषधी परवाना आहे तिथेच ते चालतं. २०२० नंतर निघालेल्या नव्या दुकानांना वर्षानुवर्षे औषधी दराने विकायची परवानगीच नव्हती, आणि रुग्णाला एका वेळी एकच दुकान नोंदवावं लागायचं. माझ्या नोंदवलेल्या दुकानातलं टिंक्चर (थेंब मोजून घ्यायचा अर्क) संपलं होतं तेव्हा मी घराजवळच्या, फक्त हौशी गिऱ्हाइकांसाठी असलेल्या दुकानात गेले. दारात लायसन्स स्कॅन झालं, आत मोठ्या टीव्हीवर मेन्यू, रांगेत सगळी माझ्या मुलाच्या वयाची मंडळी. काउंटरवर मी कार्ड पुढे केलं. मुलगा नम्र होता; म्हणाला, हे इथे चालत नाही. मग त्याने विचारलं, तुम्हाला कसं वाटायला हवंय? रिलॅक्स, क्रिएटिव्ह की झोप? मी म्हटलं, मला काही वाटायला नकोय, रात्री पाय ताठतात ते थांबायला हवं. त्याने मागे वळून फळी बघितली. टीएचसीच्या टक्केवारीनुसार लावलेली फुलं, रंगीबेरंगी व्हेप, दहा-दहा मिलिग्रॅमच्या गमी. सीबीडी (गांजातलंच, पण नशा न आणणारं द्रव्य) आणि टीएचसी समप्रमाणात असलेलं, अडीच मिलिग्रॅमवर मोजून घेता येईल असं टिंक्चर नव्हतंच. ‘त्याला फारसा खप नाही,’ तो म्हणाला. मी शेवटी एक गमीची डबी घेतली, पूर्ण कर भरून. क्रेडिट कार्ड चालत नाही, कारण केंद्राच्या कायद्यात हा माल अजून बेकायदा असल्यामुळे कार्ड कंपन्या हात लावत नाहीत. डेबिट कार्ड एटीएमसारखं ओढतात, रक्कम वरच्या पाचाच्या पटीत जाते, सुटे हातात मिळतात आणि वर फी. घरी येऊन त्या गमीचे सुरीने चार तुकडे केले. चारही तुकड्यांत औषध सारखं वाटलं गेलंय याची खात्री कोण देणार?

त्या मुलाची काही चूक नव्हती. दुकान ज्यांच्यासाठी काढलंय, त्यांच्यासाठी ते चोख चाललं होतं.

बाकीचे फरक थोडक्यात. बिनाकार्डाच्या रहिवाशाला जवळ ३० ग्रॅम फूल बाळगता येतं, परराज्यातल्या पाहुण्याला १५. रुग्णाला चौदा दिवसांत अडीच औंस, म्हणजे सुमारे ७० ग्रॅम घेता येतं. रुग्णाला घरी पाच झाडं लावता येतात, इतरांना लावता येत नाहीत. गाडी चालवताना रक्तात टीएचसीची ठरावीक मर्यादा ओलांडली की इतरांवर तेवढ्यावर गुन्हा होतो. कार्डधारकाच्या बाबतीत तो नशेत होता हे दाखवावं लागतं. आणि २०२० चा जानेवारी आठवा: बाहेर तासन् तास रांगा, महिन्याभरात जवळपास ४ कोटी डॉलरची विक्री, दुकानांत खडखडाट. रुग्णांसाठी साठा राखून ठेवायचा हे कायद्यात होतं म्हणून काही दुकानांनी हौशी विक्री मधेच थांबवली. तरीही अनेक रुग्णांना त्यांचा नेहमीचा माल मिळाला नाही. कार्ड नसतं तर तेवढाही आधार नव्हता.

मेसेजवाल्याच्या बाजूने एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. वर्षातून दोन-तीनदा एखादी गमी घेणाऱ्याला कार्डाचा हिशेब जमत नाही. डॉक्टरची तपासणी, राज्याची फी, कागदपत्रं यांत कर वाचवलेला पैसा जातो. शिवाय पाच मिनिटांच्या व्हिडिओ कॉलवर सही ठोकणारे डॉक्टर आहेत, आणि त्यांच्याबद्दल ‘पैसे उकळतात’ म्हटलं तर मी भांडायला येणार नाही. माझी सही माझ्या न्यूरॉलॉजिस्टने केली, माझी सगळी फाइल समोर ठेवून. कार्डाचा खरा उपयोग तिथे आहे: कुणीतरी तुमच्या बाकीच्या गोळ्या बघतं.

आता दुकानातल्या ‘शिकलेल्या’ मुलांकडे वळू, कारण मेसेजमधला सगळ्यात धोक्याचा भाग हाच आहे. काउंटरवरच्या माणसाला बडटेंडर म्हणतात. इलिनॉयमध्ये त्याला किमान २ तासांचा कोर्स करावा लागतो. त्यात ओळखपत्र कसं तपासायचं, अल्पवयीनांना विकायचं नाही, कायदा काय, नशेची लक्षणं कोणती, असं सगळं असतं. कनेक्टिकट, पेनसिल्वेनिया अशा राज्यांनी आपले औषधी कार्यक्रम बांधताना त्यात फार्मासिस्टला जागा दिली. इलिनॉयने ती अट घातली नाही.

काउंटरवर कसला सल्ला मिळतो, ते कोलोराडोतल्या एका अभ्यासाने दाखवलं. डेन्व्हरच्या डॉक्टरांनी ४०० दुकानांना फोन लावले. फोन करणारी सांगायची, मी आठ आठवड्यांची गरोदर आहे, मळमळतंय, काय घेऊ? सुमारे ६९ टक्के दुकानांनी गांजाचं काहीतरी सुचवलं. हे २०१८ साली छापून आलं. गरोदरपणात गांजा घेऊ नये, हे अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं स्पष्ट सांगणं असताना! आता माझ्याच बाजूला टोचणारी गोष्ट: त्या अभ्यासात औषधी परवान्याची दुकानं हौशी दुकानांपेक्षा जास्त बेफिकीर निघाली. ८३ टक्के विरुद्ध ६० टक्के. म्हणजे ‘मेडिकल’ अशी पाटी असली म्हणून आत डॉक्टर बसलाय, असं समजायचं कारण नाही. सल्ला दवाखान्यात घ्यायचा, काउंटरवर फक्त खरेदी.

‘वनस्पती आहे, अपाय नाही’ याला एका ओळीत उत्तर देता येईल: धोतराही वनस्पतीच आहे. पण ग्रुपात साठीच्या पुढचे बरेच आहेत, म्हणून थोडं जास्त. सीबीडी यकृतातल्या ज्या एन्झाइमांना अडवतं, त्याच एन्झाइमांवर कितीतरी औषधं जिरतात. रक्त पातळ ठेवायला वॉर्फरिन घेणाऱ्याचा आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते दाखवणारा आकडा) त्याने वर जाऊ शकतो, म्हणजे रक्तस्रावाचा धोका वाढतो. फिट्सवर देतात त्या क्लोबाझामचा अंमल वाढतो. मी स्नायूंसाठी बॅक्लोफेन घेते. त्यात टीएचसीची भर पडली की गुंगी वाढते, म्हणून रात्री बाथरूमला जाताना काठी हातात ठेवायची, असं माझ्या डॉक्टरांनी बजावलंय. आणि गमीचा अंमल चढायला अर्धा तास ते दोन तास लागतात. ‘काही झालंच नाही’ म्हणून दुसरी तोंडात टाकली की पुढचे सहा-आठ तास छातीत धडधड, जीव घाबरा, आणि कित्येकदा रात्री इमर्जन्सी रूम.

याचा अर्थ गांजाचा उपयोगच नाही, असं नाही. अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीज या वैज्ञानिक संस्थेचा २०१७ चा अहवाल सांगतो, की मोठ्यांची दीर्घकालीन वेदना, केमोथेरपीनंतरची मळमळ आणि एमएसच्या रुग्णांना जाणवणारा स्नायूंचा ताठरपणा, एवढ्या ठिकाणी पुरावा बऱ्यापैकी भक्कम आहे. मेसेजमधली मधुमेहापासून टकलापर्यंतची यादी त्यात नाही.

व्हिसा. इथे मी हात जोडून सांगते. राज्याने परवानगी दिली तरी केंद्राचा कायदा वेगळा आहे, आणि इमिग्रेशन केंद्राच्या हातात आहे. नागरिकत्वाचे अर्ज बघणाऱ्या यूएससीआयएस या केंद्रीय खात्याने १९ एप्रिल २०१९ ला लेखी धोरण काढलं: राज्यात कायदेशीर असलेला गांजाचा व्यवहारही नागरिकत्वासाठी लागणाऱ्या ‘चांगल्या वर्तनाच्या’ अटीत आडवा येऊ शकतो. गुन्हा शाबीत व्हायलाही नको; अधिकाऱ्यासमोर स्वतःहून कबुली दिली तरी पुरतं. मेडिकल कार्ड इथे ढाल होत नाही. मी कार्ड काढलं ते नागरिकत्वाची शपथ झाल्यावर, वकिलाच्या सल्ल्याने. तोवर पाय ताठायचे तसेच ताठू दिले. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षानुवर्षे बसलेल्या पोरापोरींना ‘कायदेशीर आहे, घाबरू नका’ सांगणाऱ्याने आधी एखाद्या इमिग्रेशन वकिलाला फोन करावा.

राहिला भारतात नेण्याचा सल्ला. हे इलिनॉयची हद्द ओलांडताना पहिल्यांदा बेकायदा होतं, विमानतळावर दुसऱ्यांदा, आणि मुंबईला उतरताना १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यात सापडतं. ‘भांग तर आपल्याकडे चालते’ ही पळवाट गमीला लागू होत नाही. त्या कायद्याच्या गांजाच्या व्याख्येतून निव्वळ पानं सुटतात. गमीत अर्क असतो. शिवाय महाराष्ट्रात पानांवरही राज्याच्या दारूबंदी कायद्याचा लगाम आहेच. आणि ‘डबीत टीएचसी असून असून किती?’ असं म्हणणाऱ्यांसाठी: सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितलंय, की अमली पदार्थाचं मिश्रण असेल तर वजन करताना त्यातला निरुपद्रवी भागही वगळायचा नाही. म्हणजे गमीतली साखर आणि जिलेटीनसुद्धा तराजूत.

आईच्या गुडघ्यांसाठी काही करायचंच असेल तर तिथल्या हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. विजयेच्या, म्हणजे भांगेच्या, पानांची औषधं आयुषच्या परवान्याखाली भारतातच बनतात आणि वैद्याच्या चिठ्ठीवर मिळतात. वैद्याला योग्य वाटलं, तर ती तिथेच घेता येतील. तिला रक्तदाबाच्या, साखरेच्या कुठल्या गोळ्या चालू आहेत, ते चिठ्ठी लिहिणाऱ्याला आधी सांगा.