खुलासा : हॉर्टनची जाहिरात कुणाची?

१९८८ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत रिपब्लिकन जॉर्ज बुश (थोरले) आणि मॅसॅच्युसेट्स राज्याचे डेमोक्रॅट गव्हर्नर मायकेल डुकाकिस आमनेसामने होते. तिच्याबद्दल एक मेसेज फिरतोय : 'डुकाकिस यांनी मॅसॅच्युसेट्समध्ये खुन्यांना फर्लो सुरू केली आणि बुश यांच्या प्रचार कार्यालयाने विली हॉर्टनचा फोटो टीव्हीवर झळकवला.' यातल्या दोन्ही गोष्टी चूक आहेत.

फर्लोची (कैद्यांना तुरुंगाबाहेर जाण्यासाठी मिळणाऱ्या तात्पुरत्या रजेची) योजना १९७२ ची. तेव्हा गव्हर्नर होते फ्रान्सिस सार्जंट, म्हणजे बुश यांच्याच रिपब्लिकन पक्षाचे. डुकाकिस यांचा दोष वेगळा आहे : खुन्यांना ही रजा बंद करणारं विधेयक त्यांनी १९७६ मध्ये अडवलं. जन्मठेपेचा कैदी हॉर्टन १९८६ मध्ये रजेवरून परतलाच नाही. पुढच्या वर्षी त्याने मेरीलँडमध्ये एका जोडप्यावर अत्याचार केले, त्यातल्या स्त्रीवर बलात्कार केला.

हॉर्टनचा फोटो असलेली जाहिरात एका बाहेरच्या समर्थक गटाची. बुश यांच्या अधिकृत प्रचाराची जाहिरात नंतर आली. तिच्यात कृष्णधवल चित्रणात कैदी फिरत्या फाटकातून आत जातात आणि तसेच बाहेर पडतात. हॉर्टनचं नाव नाही, फोटो नाही.

म्हणून बुश नामानिराळे ठरतात का? मुळीच नाही. जूनपासून ते स्वतः भाषणांत हॉर्टनचं नाव घेत होते. शिवाय तेव्हाचे अध्यक्ष रेगन पूर्वी कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर असताना तिथेही कैद्यांना फर्लो मिळत होती, आणि बुश ज्या सरकारात उपाध्यक्ष होते त्याच्या तुरुंगांतही. त्याबद्दल प्रचारात अळीमिळी गुपचिळी! बुश यांचे प्रचारप्रमुख ली ॲटवॉटर यांनी १९९१ मध्ये, मरणाच्या दारात असताना, डुकाकिस यांची माफी मागितली.