चांगली बातमी टाकत जा रे

शाळेच्या ग्रुपवर परवा पुन्हा तोच वाद. एकाने चिपळूणच्या २०२१ च्या पुराची जुनी बातमी टाकली, आजूबाजूच्या गावांतली पोरं फावडी-घमेली घेऊन बाजारपेठेतला चिखल उपसायला आली होती ती, आणि लगेच दुसऱ्याचा मेसेज, असल्या गोड बातम्या सरकारची कातडी वाचवायला असतात, वर मला टोमणा, तुला डेन्मार्कात बसून हे छानच वाटणार.

डोकंच फिरलं. अरे, पाणी भरलं, हॉस्पिटलातले कोविडचे पेशंट दगावले, तळियेत दरड कोसळून अख्खी वाडी गेली, सगळं २२ जुलैपासून मोबाईलवर बघतच होतो ना. बघून बघून हातपाय गळाले होते, करणार काय इथून. मग एक व्हिडिओ आला. एक बाई गुडघाभर चिखलात उभी राहून दुकानातले भिजलेले कपड्यांचे गठ्ठे बाहेर टाकतेय आणि मागे पोरं रांगेने घमेली पुढे देतायत, खाली कुणीतरी लिहिलेलं की फिनाईल आणि चादरी हव्यात. त्याच रात्री इथल्या मराठी लोकांना फोन लावले, पैसे जमले.

दुसऱ्याचा चांगुलपणा बघून माणसाला स्वतःही काहीतरी करावंसं वाटतं, यावर जोनाथन हाइट या मानसशास्त्रज्ञाने काम केलंय. आणि आमच्या इथल्या ऑर्हुस शहरात उलरिक हॉगरूप या पत्रकाराने २०१७ मध्ये अशा बातमीदारीसाठी संस्थाच काढली, आधी तो डीआरला, म्हणजे डेन्मार्कच्या सार्वजनिक टीव्ही-रेडिओला, न्यूज डायरेक्टर होता. प्रश्न लपवा असं तो म्हणत नाही, प्रश्नासोबत त्यावर कोण काय करतंय तेही दाखवा म्हणतो. इथे कुणी त्याला सरकारचा भाट म्हणत नाही. आपल्याकडेच कौतुक केलं की संशय!

वाशिष्ठी नदीतला गाळ काढा म्हणून चिपळूणकर उपोषणाला बसले, मग यंत्रं आली, नाम फाउंडेशन उतरलं. ही आशेचीच बातमी ना? आणि सरकारला जाब विचारणारीही.

खरं सांगू, नुसती वाईट बातमी वाचली की मी लांबचा माणूस होतो, हळहळतो आणि इथली ट्राम पकडून कामाला जातो. कुणीतरी काही करतंय हे वाचलं की वाटतं त्या रांगेत मलाही जागा आहे. चिखल काढायला मी नव्हतो, ते कुणी बोलून दाखवलं की फार लागतं रे.

म्हणून टाकत जा. फक्त फोटोवर थांबू नका, गाळ किती निघाला, कुठे टाकला, पुढच्या पावसाळ्यात बाजारात पाणी कुठवर आलं तेही लिहा. पैसे मी पाठवीन, कशाला लागतायत तेवढं कळू दे.