जाळीत सापडलेला टॉवेल

गेल्या दिवाळीत राजारामपुरीतल्या एका दुकानातून घेतलेले दोन पांढरे टॉवेल अवघ्या नऊ महिन्यांत असे विरले आहेत, की उजेडासमोर धरले तर पलीकडची खिडकी दिसते. दुकानदाराने मात्र "ताई, पाच वर्षं बघायला नको" असे छातीठोकपणे सांगितले होते.

हे टॉवेल गेले कुठे, याचा शोध मला लागला आहे. निम्मे वॉशिंग मशीनच्या जाळीत गेले आणि निम्मे माझ्या काळ्या कुर्त्यावर येऊन बसले. दर रविवारी जाळीची पिशवी उलटी केली, की करड्या, ओल्या लगद्याचा मूठभर गोळा हाती येतो. तो वाळवून पिंजला तर देवापुढच्या वाती वळता येतील. घरात चार माणसे आहेत, पण ही जाळी साफ करण्याचे काम सातबाऱ्यावर नाव चढावे तसे माझ्याच नावावर चढले आहे. एखादा रविवार चुकला, की तुंबलेली जाळी काही धरत नाही आणि तीच लव पाण्यातून फिरून पुन्हा कपड्यांवर बसते. परवा कार्यालयात एका सहकाऱ्याने "गिरणीत जाऊन आलात का?" असे विचारले, तेव्हा दळण कशाचे झाले होते, हे त्याला सांगावेसे वाटले नाही.

सूत म्हणजे काही अखंड दोरी नव्हे. कापसाचे जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरचे तंतू केवळ पिळाच्या जोरावर एकमेकांना धरून असतात. तंतू आखूड आणि पीळ सैल असला, की टॉवेल दुकानात गुबगुबीत लागतो, आपण तो गालाला लावून पाहतो आणि फसतो. मशीनमध्ये घुसळण सुरू झाली की तेच तंतू एकेक करून निसटू लागतात. त्यात कोल्हापूरचा पावसाळा! घरातल्या दोरीवर दोन-दोन दिवस टॉवेल वाळत नाही, त्याला कुबट वास येतो, म्हणून तो पुन्हा धुवावा लागतो, म्हणजे झीज दुप्पट.

सासूबाई म्हणतात, की पूर्वी पंचगंगेच्या घाटावर आपटून धुतलेली लुगडी वर्षानुवर्षे टिकत आणि विरल्यावर त्यांची वाकळ होई. (झीज तेव्हाही होतच होती, ती नदीतून वाहून जाई, एवढेच.) पण या टॉवेलाची वाकळ काय, धड पायपुसणेही होणार नाही.

मिश्र सुताची चादर तर याहून नतद्रष्ट आहे. कापसाचा तुटलेला तंतू निदान निघून तरी जातो. पॉलिएस्टरचा चिवट तंतू त्याला गुंतवून ठेवतो, बारीक गाठी करतो आणि आम्ही रात्रभर मोहरीवर झोपल्यासारखे कूस बदलत राहतो.

राग स्वतःचाही येतो. ज्या गावात शाहू महाराजांनी 1906 साली कापडगिरणीची पायाभरणी केली आणि जिथून इचलकरंजीचे माग तासाभराच्या अंतरावर आहेत, तिथे राहून मला टॉवेल चोळून, उजेडाकडे धरून घेण्याची अक्कल असू नये?

आता जाळीच फाटली आहे. मेकॅनिक म्हणतो, ती सुटी मिळत नाही, मशीनच बदला. आणि हे लिहीत असतानाच चिरंजीवांनी स्वतःची काळी पँट व तोच टॉवेल एकत्र टाकून मशीन सुरू केले आहे.