खुलासा : विद्यापीठाकडून खेळलेले क्रिकेट सामने पुसले गेलेले नाहीत

‘ऑक्सफर्ड-केंब्रिजकडून खेळलेल्यांची प्रथम श्रेणी कारकीर्द रद्द झाली’ असा मेसेज फिरतोय. (प्रथम श्रेणी म्हणजे तीन किंवा अधिक दिवसांच्या, वरच्या पातळीच्या क्रिकेट सामन्यांना मिळणारा अधिकृत दर्जा.) तो अर्धाच खरा आहे. इंग्लंडमध्ये विद्यापीठ संघांच्या सामन्यांचा प्रथम श्रेणी दर्जा २०२० नंतर संपला, पण तो पुढच्या सामन्यांपुरता. आधीच्या सामन्यांना हात लावलेला नाही. दर्जा सामन्याला असतो, खेळाडूला नव्हे. इम्रान खान यांच्या प्रथम श्रेणी आकड्यांत ऑक्सफर्डकडून काढलेल्या धावा आजही धरलेल्या आहेत, कोणत्याही नोंदवहीत पाहा. मग एखाद्या विद्यार्थ्याने कौंटी (तिथल्या जिल्ह्याच्या व्यावसायिक) संघाविरुद्ध असे दोनच सामने खेळून बॅट खाली ठेवली असेल, तरी तो प्रथम श्रेणी क्रिकेटपटूच. (कारकीर्द आखूड, इतकंच!) तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका.