शंकरपट, ड्रेसाज आणि ‘फुकटची पोरं’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, तुमचं म्हणणं असं की शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, दोन पोरं अन् एका झेंडीवर पार पडतो, मग ड्रेसाजला, म्हणजे घोड्याच्या शिकवलेल्या हालचालींच्या स्पर्धेला, स्वयंसेवकांचा तांडा कशाला? वर हौस श्रीमंतांची अन् राबायचं गावच्या पोरांनी फुकट.

दुसरं म्हणणं अर्धं मान्य, त्याकडं शेवटी येतो. पहिलं मात्र पटत नाही. पटात जोडी किती सेकंदांत आली, यावर निकाल लागतो. ड्रेसाजमध्ये मैदानाच्या कडेला अक्षरांच्या पाट्या असतात, घोडा ठरलेल्या अक्षराशी ठरलेली हालचाल करतो आणि प्रत्येक हालचालीला ० ते १० गुण पडतात. निकाल बिघडतो तो मैदानाच्या मापात, नाहीतर कागदावर. ही दोन्ही कामं स्वयंसेवकांकडं असतात.

गावपातळीवर २० बाय ४० मीटरचं मैदान पुरतं, म्हणजे साधारण ८ गुंठे. काळ्या रानात आखू नका. ओल असली की खुरात चिखलाचे गोळे, सुकलं की भेगा. बरड जागा घेऊन वखराची हलकी पाळी द्या. तिथं पऱ्हाटी असेल तर खुंट मुळासकट काढा, ते खुराच्या तळव्यात घुसतात. सुतळी ताणते, म्हणून माप टेपनंच घ्या. चार खुंट्या ठोकल्यावर दोन्ही कर्ण ४४ मीटर ७२ सेंटीमीटर भरले पाहिजेत. नाही भरले तर काटकोन चुकला, अन् मग घोड्यानं काढायचं २० मीटर व्यासाचं वर्तुळ आत बसतच नाही. बिचाऱ्या स्वाराचे गुण विनाकारण जातात. लांब बाजूला कोपऱ्यापासून ६ मीटरवर पहिलं अक्षर, पुढं १४-१४ मीटरवर दोन, की उरतात ६. आणि फडफडणारे फ्लेक्स कुंपणापासून लांब. नेता कोणत्या पक्षाचा, हे घोड्याला कळत नाही, तो बुजतोच.

खरं जोखमीचं काम लेखनिकाचं, म्हणजे परीक्षक बोलेल ते गुण कागदावर लिहिणाऱ्याचं. परीक्षक गुण बोलतो तोवर घोडा पुढच्या हालचालीत गेलेला असतो. काही हालचालींचे गुण दुप्पट धरतात. समजा अशा एका चालीला ५ मिळाले. पुढच्या एकेरी हालचालीला ७. बेरीज १७. ओळ चुकून आकडे उलटे पडले तर १९. एकूण २४० गुणांच्या कागदावर हा फरक ०.८३ टक्के, म्हणजे पहिला नंबर हलवायला पुरेसा. म्हणून एखादा गुण ऐकू आला नाही तर जागा कोरी सोडून शेजारी खूण करायची, अंदाजानं भरायचं नाही, आणि स्वार बाहेर पडला की परीक्षकाला विचारायचं. खाडाखोडीवर परीक्षकाची सही हवी. दुप्पट लेखनिकानं करायची नसते, ते बेरीज करणाऱ्याचं काम.

घोड्याच्या तोंडातला लगाम तपासणाऱ्यानं प्रत्येक घोड्यासाठी स्वतः नवे हातमोजे घालावेत. एकाच्या तोंडातला रोग दुसऱ्याला देण्याचा तो सरळ रस्ता आहे, आणि ग्लँडर्स हा घोड्यांचा जीवघेणा संसर्ग तर माणसालाही होतो.

आता फुकटाचं. खुंट उपटणं, वाळू ओढणं, लीद उचलणं ही मजुरीच आहे, तिचे पैसे द्यायलाच हवेत. त्याला ‘सेवा’ म्हणणाऱ्या आयोजकाकडं पोरं पाठवू नका. लेखनिक, बेरीज, तपासणी ही शिकायची कामं. तिथं मानधन नसलं तरी जाण्या-येण्याचं भाडं, जेवण आणि सावलीतली खुर्ची आधी कबूल करून घ्या.