शेजाऱ्याची माटोळी

एकाहत्तर.

दादाच्या माटोळीला एकाहत्तर जिन्नस होते. मी मोजले. चतुर्थीला त्याच्या गणपतीसमोर हात जोडून, डोळे अर्धवट मिटून, ओठ हलवत मोजले. बायकोला वाटलं, अथर्वशीर्ष चाललंय.

आमच्या माटोळीला चव्वेचाळीस. तेही पडवळ दोनदा धरून.

गोव्याबाहेरच्यांसाठी सांगतो: आमच्याकडे बाप्पाच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातली, परसातली फळं, शेंगा, फुलं बांधतात. ती माटोळी. मी ती फोंड्याच्या बाजारात घासाघीस करून जमवतो. दादा मात्र कोयता घेऊन रान पालथं घालतो. त्याची कवंडळं अशी तांबडीलाल की त्यांच्यापुढे आमचा विकतचा आंबाडा आजारी दिसतो. त्याच्या घागऱ्यो, म्हणजे रानातल्या सुक्या शेंगा, वाऱ्याने खुळखुळतात. आमच्याकडे वाऱ्याने फक्त ट्यूबलाइट लुकलुकते.

आता बघा, आसगावात परक्यांनी कोट्यवधींचे व्हिला घेतले, माझी झोप उडाली नाही. कला आणि संस्कृती संचालनालयाच्या माटोळी स्पर्धेत लोक शेकडो जिन्नस टांगतात, त्यांचं मला मनापासून कौतुक वाटतं. कारण ते आमच्या वाड्यावर राहत नाहीत. तेवीसशे वर्षांपूर्वी ॲरिस्टॉटलने हेच लिहून ठेवलंय: माणूस जळतो तो वयाने, वस्तीने, नावलौकिकाने आपल्या जवळच्यावर. त्यालाही कुणी दादा भेटला असणार.

"नेवरी घे रे," दादा म्हणाला. घेतली. कुरकुरीत होती, तेही खटकलं.

"बरी झालीय माटोळी," मी म्हणालो. आम्ही गोंयकार कोकणीत भांडतो आणि मराठीत लिहितो, पण हे एक वाक्य कुठल्याच भाषेत माझ्या घशातून नीट निघालं नाही.

"कसली रे, यंदा वेळच मिळाला नाही," दादा म्हणाला. वेळ मिळाला असता तर माणूस पश्चिम घाटच टांगून मोकळा झाला असता.

त्या रात्री अंथरुणात पडून मी हिशेब करत होतो: नारळांच्या पेंडीतला प्रत्येक नारळ वेगळा धरला तर? एवढ्यात धप्प असा आवाज झाला. दादाचा भोपळा पडला! खोटं कशाला बोलू, उठायच्या आधी मला हसू आलं. २००९ साली जपानी संशोधकांनी माणसांचे मेंदू तपासले तेव्हा दिसलं होतं, की हेवा वाटताना शारीरिक दुखण्याशी जोडलेला भाग जागा होतो आणि ज्याचा हेवा वाटतो त्याचं वाईट झालं की बक्षिसाच्या आनंदाचा. माझा तो दुसरा भाग अंधारात एकटाच नाचत होता.

दिवा लावला. पेंड आमची पडली होती. बाप्पा थोडक्यात वाचले, समईचं नाक वाकडं झालं.

सगळ्यात आधी कोण आला? दादा. शिडी, बॅटरी आणि केवणीच्या रानझुडपाच्या सालीचा ताजा दोर घेऊन. "सुंब कशाला वापरतोस रे," एवढंच म्हणाला आणि चढला. गाठ मारून झाली तरी तो शिडीवरून उतरेना. बॅटरीचा उजेड एकेका फळावरून सरकत होता, ओठ हलत होते.

उजेड एका कोपऱ्यात थांबला. तिथे आईने जांभळट तपकिरी शेंगांचा एक झुपका बांधला होता. नाव तिलाही ठाऊक नाही.

"हे कुठचं?" दादाचा आवाज बारीक झाला होता.

आईने तो झुपका आदल्या दिवशी संध्याकाळी दादाच्याच कुंपणावरून ओढून आणला होता.

"सत्तरीच्या रानातलं," मी म्हणालो. "आत, बरंच आत."

दुसऱ्या दिवशी पहाटे दादाची स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला. बऱ्याच दिवसांनी मला गाढ झोप लागली.